थर्ड शिफ्टचा ड्रमवाला

वरसे, रोहा
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

हर्षद,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत असते. ती जागा मी कोरी सोडली आहे.

मी पुतळी, सुशीलची आई. विसरला नसशील. माझ्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट तू चार वर्षं खाल्लीस, आणि एकदाही ताट उचलून मोरीत ठेवलं नाहीस.

हे मी हातानं लिहिते आहे. दिशा, म्हणजे सुशीलची मुलगी, मोबाईलवर फोटो काढून तुला पाठवणार आहे. दुसरी शिकलेली बाई एवढं कसं लिहिते असं वाटेल तुला. सुशीलचे कान गेल्यापासून मी त्याच्याशी तोंडानं बोलतच नाय. तो बोलतो, मोठ्यानं, कारण त्याला त्याचा आवाज कळत नाय. मी पाटीवर उत्तर लिहिते. एकतीस वर्षं. त्यानंच माझी अक्षरं घोटून घेतली. अक्षर सुधारलं, डोकं होतं तेच राहिलं.

आता कामाचं. तुम्ही म्हातारे परत एकत्र आलात आणि 'हजेरी' नावाचा अल्बम काढलात. पेपरात आलं, कोकणातला पहिला न्यू वेव्ह बँड थर्ड शिफ्ट परतला. दिशा म्हणाली आजी, म्हणजे नवी लाट. मी म्हटलं, व्हय, बघितली मी ती लाट. डोळ्यांत काजळ घातलेले चार बापे, अंगात आपापल्या बापाचे कोट, एक टीचभर कॅसिओची पेटी, आणि कंपनीतून रात्रपाळी करून आल्यावर सकाळी माझ्या पडवीत धिंगाणा.

पेणचा केरू तुझा जुना भक्त. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. त्यानं एक तारखेला तिथं हॉल घेतला, सगळ्यांनी मिळून अल्बम ऐकायचा म्हणून. सुशीलला गाडी पाठवली. मी गेले, कारण त्याला पाटीवाली लागते. सत्तर-ऐंशी माणसं होती. एकाच्याही डोक्यावर धड केस नव्हते, आणि निम्म्यांनी काजळ घातलेलं. ती पोस्टातली विमलबाई, जी रोह्याच्या गणपतीत तुमच्या स्टेजखाली उभी राहायची, पहिल्या गाण्याला रडली आणि तिसऱ्याला घोरली. एक म्हणाला, हर्षदचा आवाज बसलाय. दुसरा म्हणाला, बसला नाय, पिकलाय. त्यावरून दोघं एकमेकांच्या कॉलरला धरायला उठले. मला विचारशील तर बसलाय.

पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं. ड्रम मशीनचा आहे.

सुशील पुढच्या रांगेत, स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून बसला होता. चौथं गाणं चालू असताना तो उठला आणि मोठ्यानं बोलला, "हा ठोका माणसाचा नाय. माणूस असता तर चौथ्या मात्रेला श्वास घेतला असता." सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. त्याला ऐकू आलं नाय, पण दिसलं. केरू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय गो काकी, बघितलंस? एकतीस वर्षं झाली तरी बँडचा मालक हाच हाय." त्या दिवशी मी माझ्या पोराचे दात बघितले. किती वर्षांनी ते सांगत नाय.

घरी आल्यावर त्यानं दिशाकडून मोबाईल घेतला. तुमच्या गाण्याखाली लोक जे लिहितात ते वाचायला बसला. चारशेच्या वर आहेत. लोकांनी तुमचा अल्बम ऐकला, माझ्या पोरानं लोकांना वाचलं. त्याचा अल्बम तोच. तीन दिवस एकेक वाचून मला मोठ्यानं सांगत होता. हा चिपळूणचा आहे. ही बाई दुबईत आहे, तिच्याकडे अजून आपली कॅसेट आहे. शेजारी म्हणाले, आज काय लग्न आहे का घरात.

मंगळवारी पेणला मशीनवर असताना त्याला ते सापडलं. त्याची मूत्रपिंडं गेली आहेत, दोन वर्षं मंगळवार-शुक्रवार रक्त धुवायला लागतं. तिथं पडल्या पडल्या वाचत होता. कोणीतरी लिहिलं होतं, सुशीलची कसली दया करता, हर्षदनं मुलाखतीत सांगितलंय की आजारपणानंतर हे लोक चारदा त्याच्या दारात गेले, आणि त्यानं निरोप दिला की तुमची तोंडं बघायची नाहीत. तरी यांनी त्याची जागा दुसऱ्याला दिली नाही, म्हणून मशीन वाजवली. त्याखाली सत्तावन्न जणांनी माझ्या पोराला शिव्या घातल्या आहेत. माजोरडा, उपकार न जाणणारा. सत्तावन्न मी मोजले, त्यानं मोजायला सांगितले.

शुक्रवारी तो मशीनवर गेला नाय. म्हणतो, जायचं नाय.

तेव्हा तू एक कर. लिही, की मी मुलाखतीत चुकून बोललो. एवढ्या वर्षांनी कोण कुठं आलं नि गेलं, कोणाला आठवतं? दोन ओळी लिही. तुझं काय जातं?

पुतळी

वरसे
बुधवार, १२ नोव्हेंबर

हर्षद,

हे पत्र दिशाच्या मोबाईलवर नाय. पोस्टानं, तुझा नाशिकचा पत्ता केरूकडून घेतला. कारण कळलंच असेल.

तू पोरीला लिहिलंस, "काकींना सांग, मी चारही वेळा आलो होतो आणि काकी दारात उभ्या होत्या." तिनं मला ते वाचून दाखवलं आणि वाचून झाल्यावर मोबाईलकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"आजी, तू होतीस दारात?"

"माझं घर, माझं दार. मी नाय तर कोण असणार?"

"तसं नाय गो. हे आले होते का?"

"तुझ्या आईला अंगणवाडीतनं यायची वेळ झाली. भात टाक."

तिनं भात टाकला. पण या घरात आता दोघं माझ्याकडे बघत बसतात. तुला एवढंच करायला सांगितलं होतं की दोन ओळी लिही. तू पुरावा पाठवलास. तू पोलीस आहेस का?

आला असशील तू एकदा. मी नाय म्हणत नाय.

इकडचं सांगते. सोमवारी सुशीलनं स्वतः त्या सगळ्यांच्या खाली लिहिलं. मला आधी दाखवलं, शुद्ध आहे का बघ म्हणून. मला, दुसरी शिकलेलीला. "मी सुशील, थर्ड शिफ्टचा ड्रमवाला. मी असा निरोप कधीच दिला नाही. माझ्याकडे कोणी आलंच नाही." मी पाटीवर लिहिलं, नको टाकू. त्यानं टाकलं.

अर्ध्या तासात उत्तरं आली. एक म्हणाला, खोटं खातं आहे. एक म्हणाला, खरा सुशील बहिरा आहे, त्याला अल्बम कसा कळला, हा हा हा. एकानं लिहिलं, आधी हाकललं आणि आता बँड परत मोठा झाल्यावर आठवण झाली का. सगळे तुमचेच भक्त. प्रेम करणारे. एवढं प्रेम मी दुश्मनावर पण केलं नाय.

त्यानं मोबाईल उपडा ठेवला. मला विचारलं, "आई, तू तेव्हा घरातच होतीस ना? कोणी आलं होतं?"

मी लिहिलं, नाय.

तो म्हणाला, "मग हर्षद खोटं बोलतो. त्यानं मला टाकलं ते टाकलं, वर चारचौघांत मलाच चोर केलं." हे तो एवढ्या मोठ्यानं बोलला की रस्त्यावरची माणसं थांबली.

काल मंगळवार होता. गेला नाय. पायावर सूज आहे, बोट दाबलं की खड्डा राहतो. जनी, त्याची बायको, रडून थकली. मी रडत नाय, माझ्यानं होत नाय ते.

तू येतो म्हणालास दिशाला. येऊ नको. तू आलास तर तो तुला विचारेल, आणि तू सांगशील.

पुतळी

वरसे
सोमवार, १७ नोव्हेंबर

हर्षद,

तुझं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. "काकी, मी खोटं लिहिणार नाही, पण तुम्ही म्हणाल तोवर गप्प राहीन." असं लिहिण्यापेक्षा शिव्या घालायच्यास.

शुक्रवारी जनीनं आणि केरूनं त्याला उचलूनच गाडीत घातला. श्वास लागत होता. दोन तास मशीनवर राहिला आणि सुई काढा म्हणून उठला. केरूला वाटलं आपण समजूत काढावी. त्यानं माझी पाटी घेतली आणि लिहिलं, "दादा, आम्ही तुला माफ केलंय." केरू चांगला माणूस आहे, पण त्याच्या डोक्यात काय भरलंय ते देवाला ठाऊक. सुशीलनं ते वाचलं, आणि घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. आता कोणी मशीनचं नाव काढलं की म्हणतो, "कशाला? माफी मिळालीय की."

तर आता मी सांगते. तुला अर्धं ठाऊक आहे, अर्धं नाय.

चौऱ्याण्णव सालचा श्रावण. बावीस दिवस ताप मेंदूत राहिला, आणि तो उठला तेव्हा दोन्ही कान गेलेले. घरी आणून आठ दिवस झाले होते, तेव्हा तुम्ही तिघं पहिल्यांदा आलात. तुम्हाला तापाचं माहीत होतं, कानाचं नव्हतं. सुशील आतल्या खोलीत भिजवलेले वाल सोलत बसला होता, दाराकडे पाठ करून. माझ्यापासून चार हातांवर. मी दारात उभी राहिले. तू माझ्या खांद्यावरून त्याची पाठ बघितलीस आणि हाक मारलीस. सुशील! सुशल्या! पाच वेळा हाक मारलीस, मी मोजत होते. तो वाल सोलत राहिला.

मी म्हटलं, "ताप उतरलाय, आता बरा आहे. पण त्याला तुमच्यात यायचं नाय. बघ, वळतो तरी का."

तुझं तोंड कसं झालं ते मी बघितलं होतं. तुमच्यातला मोरू रडला. तुम्ही गेलात. मी आत गेले. सुशीलनं मला दाराकडून येताना बघितलं आणि विचारलं, "कोण आलं होतं?"

तेव्हा पाटी नवी होती. आदल्या दिवशीच मोरूच्या दुकानातून, म्हणजे त्याच्या बापाच्या, आणलेली. मी तोवर तिच्यावर त्याच्यासाठी काही लिहिलं नव्हतं, खुणा करून भागवत होते. मी खडूनं लिहिलं, "कोन नाय." त्यानं हसून 'न' पुसला, 'ण' केला. मी माझ्या पोराला लिहिलेले पहिले दोन शब्द ते.

दुसऱ्यांदा आलात तेव्हा तुम्हाला कुठूनतरी कानाचं कळलं होतं. मी म्हटलं, त्यालाच लाज वाटते, येऊ नका. तिसऱ्यांदा तू एकटा आलास, तो कंपनीत गेला होता कागद करायला. चौथ्यांदा तू चिठ्ठी दिलीस. ती मी वाचली, दोन दिवस लागले मला, एकेक अक्षर लावून. त्यात होतं, "तू ऐकू नकोस, माझ्या पायाकडे बघ. मी पायानं ताल धरतो, तू मार. आपण आधी असंच शिकलो होतो." ती चुलीत घातली.

का, ते विचारशील. कंपनीत त्याला कायम करणार होते, बहिरा असला तरी पॅकिंगला घेतो म्हणाले होते, आणि मला भीती होती की तुमच्या नादानं ते जाईल. हे मी तीस वर्षं स्वतःला सांगत आले. खरं आहे ते. पण तेवढंच नाय. तो बहिरा झाला तेव्हा मला बरं वाटलं, हर्षद. कान गेले म्हणून छाती बडवली मी चारचौघांत, पण आतून वाटलं, चला, ते सुटलं एकदाचं, आता हा घरात राहील. तुमच्यात होता तेव्हा तो माझ्याशी दिवसाला दहा शब्द बोलायचा नाय. नंतर जगातली एकेक गोष्ट त्याला माझ्या पाटीवरून कळायची. पाऊस पडतोय, शिट्टी झाली, दारात दूधवाला आहे. मी लिहिलं नाय तर ते झालंच नाय. असं पोर कोणत्या आईला मिळतं?

आणि तू मला काकी म्हणून पत्र लिहितोस.

वैद्यकीचं मला कळत नाय, पण जनीला डॉक्टर म्हणाले की असंच चाललं तर आठ-दहा दिवस. मी त्याला सांगणार आहे. सकाळी सांगते असं तीन सकाळी म्हटलं.

पुतळी

वरसे
शनिवार, २२ नोव्हेंबर

हर्षद,

हे दिशा मोबाईलवरूनच पाठवते आहे, पोस्टाला वेळ नाय. तिला सगळं कळलंय.

गुरुवारी सकाळी सांगितलं. जनी अंगणवाडीत गेली होती, दिशाला मी दुकानात पाठवलं. तो खाटेवर टेकून बसला होता. पाटी लहान असते, तीनदा भरावी लागली.

पहिल्यांदा लिहिलं, हर्षद खरं बोलला. चारदा आला होता.

दुसऱ्यांदा, मी सांगितलं की तू नको म्हणतोस.

तिसऱ्यांदा, तू नको म्हणाला नव्हतास. तुला ठाऊकच नव्हतं.

वाचताना त्याचे ओठ हलतात, लहानपणापासून. वाचून झाल्यावर म्हणाला, "पुस." मी पुसलं. म्हणाला, "परत लिही." मी परत तिन्ही लिहिलं. परत म्हणाला, पुस. परत लिही. असं त्यानं मला चारदा लिहायला लावलं. चौथ्यांदा अक्षर वाकडं आलं, तर म्हणाला, "नीट लिही. वाचता येत नाय." मी नीट लिहिलं.

चिठ्ठीचं मी सांगितलं नव्हतं. त्यानंच विचारलं, "काही लिहून दिलं होतं त्यानं?" मी तुझ्या पायाचं सगळं लिहिलं, आठवत होतं तसं. मला ती चिठ्ठी पाठ आहे. त्याचा उजवा पाय चादरीखाली हलला. एकदाच हलला, मग त्यानं तो हातानं दाबून धरला. सुजलेला पाय, दुखला असेल.

मग तो काहीतरी बोलला. एकतीस वर्षं ज्या माणसाचं बोलणं गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं, तो इतक्या हळू बोलला की मी जवळ बसून, धड कानांची, मला कळलं नाय. मी पाटीवर लिहिलं, काय म्हणालास? आणि त्याच्यासमोर धरली.

त्यानं डोळे मिटले.

मी खांदा हलवला. मिटलेलेच. मी पाटी त्याच्या हाताला लावली. त्यानं हात मागे घेतला. ऐकू येणाऱ्या माणसाशी भांडता येतं हर्षद, भिंतीआडून ओरडता येतं. बहिऱ्यानं डोळे मिटले की आईला बोलायला कुठं जागाच राहत नाय. मी दुपारपर्यंत पाटी धरून बसले होते. दिशा आली, तिनं पाटी वाचली. तिनं ती माझ्या हातातून घेतली नाय, नुसती वाचली आणि बापाच्या पलीकडे जाऊन बसली.

संध्याकाळी तिनं तुमच्या गाण्याखाली सगळं लिहिलं. बाबांना खोटं सांगण्यात आलं होतं, हर्षदकाकांनाही, आणि ते आजीनं केलं होतं. माझं नाव गाळून लिहू का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, घाल. आता तिथं रडणं चाललंय. माफ कर सुशीलदादा. मशीन काढा, त्याचे जुने ठोके घाला. केरूनं लिहिलंय की तो स्वतःच्या थोबाडीत मारून घेतोय. विमलबाईनं चार ओळी लिहिल्या आणि आठ फुलं टाकली. मलाही लिहिलंय. डायन, सैतान, अशी आई कोणाला मिळू नये. सगळे वाचले मी. दोघा-तिघांचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा वाईट आहे. बाकी बरोबर आहे.

दिशानं ते सगळं सुशीलसमोर धरलं. त्यानं बघितलं नाय. म्हणाला, "आता त्यांना काय सांगायचंय?" पोरीशी तो बोलतो. जनीशी बोलतो. तिला काल म्हणाला, दमलीस तू, जेव. मशीनला मात्र नाय म्हणतो. मला वाटलं होतं सांगितलं की जाईल. खोटं त्याला मारतंय असं मला वाटत होतं. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले आता नेलं तरी शरीर झेपेल की नाय सांगता येत नाय, चार दिवस, सहा दिवस, आणि त्याची मर्जी विचारा. त्यानं मर्जी सांगितली. मग जनीनं त्याला विचारलं, कोणाला बोलवायचं आहे का. त्यानं तुझं नाव घेतलं.

तेव्हा ये. उद्याच नीघ. मोरूला आण, तो चौथाही येत असला तर त्याला आण. वाद्यं आणू नका, खोली लहान आहे. पाटीवर लिहिशील तेव्हा मोठं लिही, त्याची नजरही गेलीय थोडी. दोन शब्द लिहून थांबत जा, त्याला वाचून बोलायचं असतं, मध्ये घाई केलेली आवडत नाय. माझ्याबद्दल काही लिहू नको, चांगलं तर नकोच.

मी घरी नसेन. निडीला माझी भाची असते, आज दुपारच्या गाडीनं तिच्याकडे जाते आहे. लोक म्हणतील पोर मरायला टेकलं आणि आई निघून गेली. म्हणू देत. परवापासून मी खोलीत पाऊल टाकलं की तो डोळे मिटतो, आणि मी बाहेर जाईपर्यंत उघडत नाय. मी पडवीत बसून बघितलं, तिथूनही त्याला माझी सावली दिसते. त्याच्याकडे दिवस थोडे आहेत. ते त्यानं उघड्या डोळ्यांनी काढावेत.

पुतळी